कमलाराजा की कमलाराजे? बाईच्या नावामागे 'राजा' आला कुठून?

लष्करची_लेक

नमस्कार मंडळी,

आमच्या बॅचच्या मैत्रिणी मिळून एक छोटी स्मरणिका काढतोय. आम्ही सगळ्या ग्वाल्हेरच्या केआरजीच्या, म्हणजे शासकीय कमलाराजा कन्या महाविद्यालयाच्या. हे नाव ग्वाल्हेरच्या शिंदे राजघराण्यातल्या लेकीचं. मराठी पानं माझ्या गळ्यात पडली आहेत आणि पहिल्याच पानावर गाडं अडलंय. मी 'कमलाराजा' लिहिलं. आमच्यातली एक लग्नानंतर पुण्याला गेली ती तिकडचीच झाली. तिने 'राजा'वर काट मारून 'राजे' केलं आणि समासात लिहिलं, "बाई कधी राजा असते का? हा कुठल्या तरी हिंदी कारकुनाचा प्रताप."

आता माझा जन्म कमलाराजा दवाखान्यातला, शिक्षण कमलाराजातलं, भाऊ गजराराजा मेडिकल कॉलेजचा. लष्करात (ग्वाल्हेरचा आमचा भाग) कुणाच्या तोंडून 'कमलाराजे' ऐकलेलं नाही. आजीसुद्धा 'राजा'च म्हणायची, आणि तिला हिंदी धड येत नव्हतं. पण शिंद्यांच्याच घरातल्या विजयाराजे, वसुंधराराजे, यशोधराराजे यांना कुणी 'राजा' म्हणत नाही हेही खरंच. एकाच घराण्यात दोन तऱ्हा कशा?

मुळात बायकांच्या नावाला हे राजा-राजे कधीपासून लागायला लागलं? ती पदवी आहे, नावाचाच भाग आहे, की नुसता मान? आणि छापू काय?

दौतटाक

ताई, मैत्रिणीला आधी हे सांगा की 'राजे' हा शब्दही पुल्लिंगीच आहे. राजा एकवचन, राजे अनेकवचन, आणि तेच आदरार्थी. शहाजीराजे आले, संभाजीराजे आले. बाईला 'राजे' चालत असेल तर 'राजा'वरचा आक्षेप व्याकरणाचा उरत नाही, फक्त सवयीचा उरतो. गंमत अशी की बाईचं नाव आलं तरी 'राजे' तसाच राहतो, फक्त क्रियापद वळतं: विजयाराजे आल्या.

दोन रूपांबद्दल माझा तर्क असा. हिंदीत आदर दाखवतानाही राजा हा राजाच राहतो, 'राजा दशरथ आए'. 'राजे' हे रूप हिंदी कानाला खटकतं. म्हणून वाड्यात 'राजे' आणि पाटीवर 'राजा' झालं असावं.

पोहेजिलबी

इंदूरहून हजेरी. काका, आमच्याकडे क्षयरोगाचं सरकारी रुग्णालय मनोरमा राजे यांच्या नावाचं आहे. पाटी हिंदीच, आणि तिच्यावर व्यवस्थित 'राजे' आहे. म्हणजे तुमचा तर्क देवासपर्यंत नीट आला आणि इंदूरच्या नाक्यावर पंक्चर झाला.

बाकी वस्त्यांचं म्हणाल तर मनोरमागंज, स्नेहलतागंज, संयोगितागंज. आमच्याकडचे राजे गेले, गंज तेवढा राहिला.

गोरखीतला_गोट्या

गंज राहिला!! दंडवत घ्या.

मधुमालती

पदवीचं काय घेऊन बसलात. मला सासूबाई रोज सकाळी सातला 'उठल्या का महाराणी?' म्हणून हाक मारतात. मूळ अर्थ काय आणि आताचा अर्थ काय, हे माझ्या स्वयंपाकघरात येऊन बघा.

सुरसागरकाठ

बडोद्याची भर घालतो, कारण आमच्याकडे याहून मोठा घोळ आहे. आमच्याकडे नाव हीच पदवी झाली.

तिसऱ्या सयाजीरावांचं पहिलं लग्न १८८० साली तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी झालं. लग्नात नाव बदललं, चिमणाबाई. तंजावरचे नर्तक-वादक त्यांच्याबरोबर बडोद्याला आले, दरबारात भरतनाट्यम आलं ते या लग्नामुळे. १८८५ मध्ये त्या क्षयाने गेल्या. मग महाराजांचं दुसरं लग्न देवासच्या गजराबाईंशी झालं. त्यांचंही नाव बदललं. काय ठेवलं असेल? चिमणाबाई!

तेव्हा रावपुऱ्यातला टॉवर पहिल्या चिमणाबाईंच्या स्मरणार्थ आणि चिमणाबाई स्त्री उद्योगालय दुसऱ्यांचं. १९२७ साली पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, त्याच्या अध्यक्षा याही दुसऱ्याच. आमच्या पोळातली (गल्लीतली) निम्मी माणसं अजून एकच बाई समजतात, आणि टॉवर बांधल्यावर त्या परिषदेला गेल्या असं सांगतात.

रावपुरेकर

@सुरसागरकाठ, टॉवरवरची पाटी वाचायला कुणाला वेळ आहे. टॉवरखाली रिक्षा मिळाली की झालं.

चष्मिस

लग्नातल्या नावबदलाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. आपल्याकडे ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहितात तेच इथेही. विजयाराजे माहेरच्या लेखा दिव्येश्वरी, सागरच्या. १९४१ मध्ये जिवाजीरावांशी लग्न झालं आणि विजयाराजे झाल्या. माधवीराजे नेपाळच्या राणा घराण्यातल्या, माहेरचं नाव किरण राज्यलक्ष्मी. म्हणजे 'राजे' हा शिंद्यांच्या सुनेला सासरी मिळणारा दागिना. पण वसुंधराराजे, यशोधराराजे तर लेकी, त्यांना जन्मापासूनच. सून आणि लेक दोघींना एकच, म्हणजे नवऱ्याच्या पदावर ते अवलंबून नाही. महाराणी व्हायला महाराज लागतो, राजे व्हायला घराणं पुरतं.

खवट_खोबरं

एक कटू बोलू का? हे राजे, देवी वगैरे सगळं पुढच्या पिढ्यांचं नक्षीकाम आहे. ज्यांनी खरोखर राज्य चालवलं त्या झाडून सगळ्या 'बाई' होत्या.

अहिल्याबाई. बायजाबाई, दौलतरावांच्या मागे १८२७ ते १८३३ ग्वाल्हेरचा कारभार त्यांच्या हातात होता. लक्ष्मीबाई. कोल्हापूरच्या ताराबाई. बडोद्याच्या जमनाबाई, मल्हारराव गायकवाडांना इंग्रजांनी काढल्यावर १८७५ मध्ये कवळाण्याच्या गोपाळरावाला मांडीवर घेतलं त्या, आणि त्या मुलाचा सयाजीराव झाला. पुरुषाला राव, बायकोला बाई: मल्हारराव होळकर-गौतमाबाई, दौलतराव-बायजाबाई, खंडेराव गायकवाड-जमनाबाई. सरळ हिशोब. शिवाजी महाराजांच्या मुली बघा, सखूबाई, राणूबाई, अंबिकाबाई. भाऊ संभाजीराजे आणि राजारामराजे, पण बहिणींना कुणी राजे म्हटलं नाही.

मग विसाव्या शतकात राज्यं सांभाळायची म्हणजे रेसिडेंटाला (इंग्रजांच्या दरबारातल्या प्रतिनिधीला) चहा पाजायचा एवढंच उरलं आणि नावं लांब व्हायला लागली.

नर्मदाकाठ

खोबरं कितीही खवट असलं तरी अर्धं बरोबर आहे. मी मूळचा महेश्वरचा, आता इंदुरात. अहिल्याबाईंच्या बाबतीत फ्लेक्सवर जे 'महाराणी अहिल्याबाई' लिहितात त्याने डोकं फिरतं. त्या काळी होळकर हे पेशव्यांचे सुभेदार. बाईंचे पती खंडेराव होळकर कुंभेरीच्या वेढ्यात १७५४ मध्ये पडले, मल्हारराव १७६६ मध्ये गेले, पुढच्या वर्षी मालेराव. त्यानंतर १७९५ पर्यंत बाईंनी दौलत सांभाळली, पण नावाला सुभेदारी तुकोजींकडे. महाराणी होण्यासाठी महाराजा हवा. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर होळकर इंग्रजांच्या छत्राखालचे संस्थानिक झाले, हे महाराजा-महाराणी प्रकरण त्या काळातलं. पत्रांत बाईंचा मायना 'गंगाजलनिर्मळ मातोश्री' असा येतो. महेश्वरात अजून 'मातोश्री' किंवा 'माँसाहेब' म्हणतात, आणि त्यांची आज्ञापत्रं 'श्रीशंकर' नावाने निघायची. स्वतःच्या नावाची पदवी नकोच होती त्यांना.

दुसरं म्हणजे पदवीपेक्षा पैसा बघा. १७३४ मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या बायकोच्या, गौतमाबाईंच्या नावाने स्वतंत्र गावं तोडून दिली. त्याला 'खासगी' म्हणत. दौलत वेगळी, खासगी वेगळी. सासूमागून ती अहिल्याबाईंकडे आली. काशीपासून रामेश्वरापर्यंतची देवळं, घाट, अन्नछत्रं यांचा खर्च या खासगीतून. नावामागे राव, राजे काही नसताना बाईच्या हातात स्वतःची गावं होती. मला विचाराल तर होळकरांच्या बायकांची खरी पदवी 'खासगीवाल्या' हीच.

गोरखीतला_गोट्या

ओ, म्हणून आमचा खासगी बाजार! मी समजत होतो तिथे प्रायव्हेट दुकानं होती.

पोहेजिलबी

गोट्या, सरकारी दुकानं होती असा कुठला बाजार बघितलास रे?

मधुमालती

नर्मदाकाठ काका, 'पुण्यश्लोक' मात्र मला आवडतं. आजी सकाळी 'पुण्यश्लोको नलो राजा' म्हणायची. त्या रांगेत बाईला बसवलं कुणीतरी, हे काही लहान नाही. महाराणी म्हटल्याने त्यांची उंची वाढत नाही यावर +१.

दौतटाक

'बाई' मागे का पडलं याचं कारण मला ग्वाल्हेर-लखनौकडे दिसतं. महाराष्ट्रात मुक्ताबाई, जनाबाईंपासून बाई हा मानाचा शब्द. इकडे उत्तरेत 'बाईजी' म्हणजे गाणारी, आणि आता हिंदीत 'बाई आई नहीं' म्हणजे भांडी पडली आहेत. राजपुतान्यात ठाकुरांच्या लेकीला बाईसा म्हणतात, ते वेगळं. पण दिल्ली दरबाराला जाताना बाकीच्या राण्यांमध्ये 'अमुकबाई' म्हणून ओळख द्यायची पाळी आल्यावर संस्थानिकांना तो शब्द जड झाला असावा. म्हणून कुठे देवी, कुठे राजे. इंदूरच्या तिसऱ्या तुकोजीराव होळकरांनी गादी सोडल्यावर १९२८ मध्ये अमेरिकन नॅन्सी मिलरशी लग्न केलं, तिला हिंदू करून घेतलं, तेव्हा नाव काय ठेवलं? शर्मिष्ठादेवी. शर्मिष्ठाबाई नाही.

सुरसागरकाठ

काका, गाणारीमुळे शब्द उतरला हे पटत नाही. हिराबाई बडोदेकर, केसरबाई केरकर यांनी बाई हा शब्द वर नेला. हिराबाईंची आई ताराबाई माने बडोद्याचीच. अब्दुल करीम खाँ इथे दरबारी गवई होते आणि दोघं बडोदं सोडून निघून गेले, ती गोष्ट आमच्याकडे अजून चवीने सांगतात. शब्द उतरला तो ऐकणाऱ्यांच्या डोक्यात.

खवट_खोबरं

आता धागा गाण्याकडे वळला म्हणजे दोनशे प्रतिसाद नक्की.

चष्मिस

नाही वळू देत. 'बाईसाहेब' राहिलं. गोडसे भटजी १८५७ च्या धामधुमीत झाशीत अडकले होते. त्यांनी 'माझा प्रवास'मध्ये झाशीच्या राणीला सगळीकडे 'बाईसाहेब' म्हटलंय. राणीसाहेब असं आपण म्हणतो, किल्ल्यात राहिलेला माणूस बाईसाहेब म्हणतो. आणि भटजी पेणजवळच्या वरसईहून उत्तरेत निघाले तेच मुळी बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, हे ऐकून! म्हणजे ग्वाल्हेरच्या एका बाईच्या यज्ञापायी झाशीच्या बाईसाहेबांचा डोळ्यांनी पाहिलेला मराठी वृत्तान्त आपल्याला मिळाला.

लष्करची_लेक

हे वाचून अंगावर काटा आला. बैजातालावर लहानपणी संध्याकाळ-संध्याकाळ घालवली आहे, बायजाबाईंची ही ओळख नव्हती. पण माझा 'राजा' कुठे गेला? पुण्याहून व्हॉट्सॲपवर विचारणा होतेय, 'काय म्हणतायत तुमचे धागेवाले?'

कंपूवाली

बरेच दिवस वाचनमात्र होते, आज राहवलं नाही. मी बायजाबाईंवर थोडं वाचलंय, आणि उत्तर त्यांच्याच घरात आहे.

१८३३ मध्ये दत्तक मुलगा जनकोजीने बायजाबाईंना ग्वाल्हेरातून बाहेर काढलं. त्या फत्तेगडला तंबू ठोकून राहिल्या होत्या तेव्हा, १८३५ मध्ये, फॅनी पार्क्स नावाची इंग्रज बाई त्यांना भेटायला गेली. तिला हिंदुस्तानी येत होतं, सतार वाजवायची, आणि बायजाबाईंशी तिची चांगली गट्टी जमली. तिने प्रवासवर्णन लिहिलं, ते १८५० मध्ये छापलं गेलं. त्यात बायजाबाईंच्या नातीचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. मुलगी तरुण, लग्न झालेली, घोड्यावर पक्की मांड. पार्क्सबाई तिला काय म्हणते? 'गजा राजा साहिब'. राणी नाही, बाई नाही, राजे नाही. सरळ राजा साहेब.

म्हणजे ग्वाल्हेरात कॉलेजं, दवाखाने निघण्याच्या शंभर वर्षं आधी, आणि हिंदी पाट्यांच्या तर कितीतरी आधी, शिंद्यांच्या वाड्यात मुलीला 'राजा' म्हणत होते. गजराराजा, कमलाराजा ही नावं त्याच चालीवरची. कारकुनाला उगाच फासावर देऊ नका.

त्या भेटीतला एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. बायजाबाईंना कळलं की इंग्रज बायका घोड्यावर दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसतात. हे त्यांना इतकं विचित्र वाटलं की त्यांनी पार्क्सबाईला तसं बसून दाखवायला लावलं. मराठा बायका पायांत कासोटा घालून मांड ठोकणाऱ्या. नंतर पार्क्सबाई स्वतः मराठा पोशाख करून तशी बसली आणि तिला तेच सोयीचं वाटलं.

गोरखीतला_गोट्या

कंपूवाली ताई, इतके दिवस कुठे होतात? आम्ही इथे क्रियापदं मोजत बसलो होतो.

दौतटाक

उत्तम पुरावा. तरी एक शंका. इंग्रज माणूस कानावर पडेल ते लिहितो. 'गजाराजे साहेब' ऐकून तिने 'राजा' केलं नसेल कशावरून?

कंपूवाली

काका, ती नावांवर दीर्घ स्वरांच्या खुणा देऊन लिहिते. 'राजा' दोन्ही आ दीर्घ करून लिहिलंय, आणि एकदा नव्हे, पानोपानी. बाईंना ती 'बायजा बाई' किंवा नुसतं 'द बाई' म्हणते, म्हणजे बाई ही तिला पदवीच वाटली. ज्या कानाला बाई आणि राजा नीट कळलं त्याला 'राजे' तेवढं चुकीचं ऐकू आलं असं म्हणायचं असेल तर म्हणा.

दौतटाक

आमची शंका नोंदवून ठेवा, एवढंच.

नर्मदाकाठ

कंपूवाली, तुमच्या पुराव्याने खवट_खोबरं यांचं 'विसाव्या शतकातलं नक्षीकाम'ही निम्मं गळून पडलं. १८३५ म्हणजे दौलतरावांना जाऊन आठ वर्षं. एकाच तंबूत आजी 'बाई' आणि नात 'राजा'.

खवट_खोबरं

गळून काही पडलं नाही. आजीने राज्य केलं, ती बाई. नातीने घोडा फिरवला, ती राजा. माझंच म्हणणं सिद्ध होतंय. लाडाचं नाव आहे ते. आपण नाही का नातीला 'ये गं माझा राजा' म्हणत? मुलगी असली तरी 'माझा सोन्या, माझा राजा'च.

मधुमालती

अगं बाई! हे खरंच. मी माझ्या मुलीला दिवसातून दहादा राजा म्हणते आणि कधी लक्षात आलं नाही.

चष्मिस

लाड असेलही, पण त्याला 'साहेब' जोडलंय हे विसरू नका. आणि मानाच्या जागी बाईला पुरुषी शब्द देणं ही आपल्याकडची जुनीच रीत. साहेब हा अरबी, पुल्लिंगी, पण आऊसाहेब, बाईसाहेब, अक्कासाहेब, वहिनीसाहेब बिनदिक्कत. शाहू महाराजांच्या कन्या देवासला दिल्या, त्यांना 'आक्कासाहेब महाराज' म्हणत. अक्का, साहेब आणि महाराज तिन्ही एका माणसात! मराठीत मान वाढला की लिंग सुटतं. राव तेवढा बायकांच्या वाट्याला आला नाही.

रावपुरेकर

आमच्याकडे बायको मला 'अहो राव' म्हणते, पण तिचा सूर मानाचा नसतो.

सुरसागरकाठ

आता एक बडोदा-ग्वाल्हेर काडी टाकतो. आमच्या इंदिराराजे, दुसऱ्या चिमणाबाईंच्या कन्या, यांचं लग्न तुमच्या माधवराव शिंद्यांशी ठरलं होतं. १९११ च्या दिल्ली दरबारात कूचबिहारचे जितेंद्रनारायण भेटले आणि मुलीने स्वतः कळवून लग्न मोडलं. १९१३ मध्ये लंडनला जाऊन त्यांच्याशीच लग्न केलं. जयपूरच्या गायत्रीदेवी या त्यांच्याच लेक. तिकडे ग्वाल्हेरात आल्या गजराराजे. नाहीतर तुमचं मेडिकल कॉलेज आज 'इंदिराराजा' असतं.

लष्करची_लेक

आणि मग कमलाराजा कुठून आली असती? त्या तर गजराराजांच्याच लेक, जिवाजीरावांची बहीण. माधवरावांनी इंग्रज राजाराणीच्या नावावरून मुलाला जॉर्ज जिवाजीराव आणि मुलीला मेरी कमलाराजे केलं होतं. नशीब कॉलेजच्या पाटीवर मेरी चढली नाही.

पोहेजिलबी

बघा, तुम्ही स्वतःच आत्ता 'कमलाराजे' लिहिलंत. पुण्याचा विजय असो.

लष्करची_लेक

माझ्या बोटांनी दगा दिला, तोंडाने नाही :)

कंपूवाली

दोन्ही चालत होतं असंच दिसतं. शिवपुरीला जा. समोरासमोर दोन छत्र्या (स्मारकं) आहेत, एक माधवरावांची, एक त्यांच्या मातोश्रींची. आईंना तिकडचे गाइड कधी सख्याराजे म्हणतात, कधी सख्याराजा. शेजारच्या तळ्याचं नाव सख्यासागर, तिथे दोन्ही गायब. माधवरावांच्या पहिल्या राणी चिंकूराजा, त्यांना मात्र 'चिंकूराजे' म्हणताना मी तरी कुणाला ऐकलं नाही. पुढे विजयाराजे सार्वजनिक जीवनात आल्या, वर्तमानपत्रांत नाव रोज छापून यायला लागलं आणि 'राजे' पक्कं झालं. १९६१ मध्ये जिवाजीराव गेल्यावर त्या राजमाता झाल्या, मग ग्वाल्हेरात नुसतं 'राजमाता' म्हटलं की दुसरं नाव सांगावं लागत नसे. शिवकाळात जिजाबाईंना मातोश्री, आऊसाहेब म्हणायचे, राजमाता जिजाऊ आपण म्हणतो. आमच्या ग्वाल्हेरच्या म्हाताऱ्यांना विचाराल तर राजमाता एकच.

खवट_खोबरं

१९७१ च्या घटनादुरुस्तीने तनखे गेले, राजे म्हणून असलेली मान्यताही गेली. कायद्याने आता सगळ्या श्रीमती. छापा 'श्रीमती कमला शिंदे कन्या महाविद्यालय' आणि सोडवा भांडण.

गोरखीतला_गोट्या

हे छापलं तर मेळाव्यातल्या जेवणाला मुकाल, लेकी ताई.

नर्मदाकाठ

माझं मत विचारलंत तर संस्थेचं नाव पाटीवर आहे तसं, 'कमलाराजा'. ते विशेषनाम झालं, त्याला हात लावायचा नाही. व्यक्तीबद्दल लिहाल तिथे 'कमलाराजे' लिहायला हरकत नाही, आजच्या मराठी वाचकाला ते सरळ वाटतं. आणि तळटीप द्या, त्यात फॅनी पार्क्सचा उल्लेख जरूर करा.

दौतटाक

तळटिपेत 'राजासाहेब' हे रूप १८३५ इतकं जुनं आहे एवढंच म्हणा. लाड की पदवी यात पडू नका, खोबरं आणि चष्मिस यांचं अजून मिटलेलं नाही.

चष्मिस

मिटणारही नाही. लाडाच्या नावाला परक्या पाहुणीसमोर कुणी 'साहेब' लावत नाही.

खवट_खोबरं

आमच्याकडे मांजरीला 'मनीसाहेब' म्हणतात.

लष्करची_लेक

ठरलं. संस्था 'कमलाराजा', व्यक्ती 'कमलाराजे', तळटिपेत बायजाबाईंची नात. पुण्याला कळवलं. उत्तर आलंय: "ठीक, पण मग गजराराजा मेडिकलबद्दलही तेच करा, आणि तुझ्या भावाच्या जाहिरातीत त्याने 'गजरा राजे' लिहिलंय ते आधी बदल."

पोहेजिलबी

भावाला जाहिरातीत सवलत देताय ना? मग त्याने काहीही लिहू दे.

कंपूवाली

लेकी, तळटीप लिहून झाली की इथे टाक. तारखा मी तपासून देते. आणि पार्क्सबाईचं नाव 'पार्क्स' लिही, 'पार्क' नको. तिकडचे मुद्रितशोधक शेवटचा स हमखास उडवतात.